देव खिद्रापूरला, नंदी यडूरला : बोरगावहून पाहण्याजोगी ठिकाणे

दिवाळीला आणि मे महिन्यात पुणे, मुंबई, बेंगळुरू किंवा परदेशात स्थायिक झालेली आपली मंडळी गावी येतात. देवदर्शन होते, पाहुण्यांच्या गाठीभेटी होतात, शेतावर एक फेरी होते. तिसऱ्या दिवशी मुले विचारतात, "आता कुठे जायचं?" आणि आपण ठरलेले उत्तर देतो : कोल्हापूर, पन्हाळा, जोतिबा. ही ठिकाणे उत्तमच आहेत, त्यांविषयी माहितीही भरपूर मिळते. म्हणून या लेखात ती घेतलेली नाहीत. आपल्या बोरगावहून सकाळी निघून रात्री जेवायला घरी परतता येईल अशी जी ठिकाणे आपण रोजच्या रस्त्यावरची म्हणून मागे टाकतो, त्यांची नोंद सभासदांसाठी येथे देत आहोत.

ही नोंद करण्याचे मनात आले ते एका प्रश्नामुळे. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही निवृत्त मंडळी कुटुंबांसह खिद्रापूरला गेलो होतो. बरोबर पुण्याहून आलेली आमच्यातल्याच एकाची नात होती, वय नऊ. सगळे देऊळ फिरून झाल्यावर तिने विचारले, "आजोबा, महादेवाचं देऊळ आहे ना, मग नंदी कुठे आहे?" आम्ही सात-आठ जण होतो. बहुतेकांनी खिद्रापूर चार-पाच वेळा पाहिलेले. यडूरही सगळ्यांचे पाहण्यातले. तरी त्या क्षणी उत्तर कोणालाच देता आले नाही. तेथे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले, "नंदी इथे नाही बाळ, तो नदीपलीकडे यडूरला आहे."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेले नाही. देव महाराष्ट्रात आणि त्याचा नंदी कर्नाटकात. एका राज्याची पर्यटन पुस्तिका उघडली तर देव सापडेल, दुसऱ्या राज्याची उघडली तर नंदी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी, चिकोडी, बेळगाव हा आपला भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून सरकारी नकाशे सीमेवर येऊन थांबतात. पण शिलाहार राजे, कृष्णा नदी, नृसिंहसरस्वती आणि आपले बाजारहाट यांपैकी कोणीच त्या रेषेवर थांबलेले नाही. आपला मुलूख पाहायचा तर दोन्ही बाजूंची यादी एकत्रच करावी लागते. खाली ती केली आहे.

अर्ध्या दिवसात : भोज आणि सदलगा

सुरुवात अगदी जवळून करू. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांच्या संगमाचा परिसर म्हणजे भोज. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा उभी करणारे आचार्य शांतिसागर महाराज यांचे हे गाव. जन्म १८७२ चा, आजोळी येळगुडला, पण घर भोजचे, पाटील घराणे. १९५५ साली कुंथलगिरी येथे त्यांनी सल्लेखना घेतली.

सदलगा हे आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव. जन्म १० ऑक्टोबर १९४६, शरद पौर्णिमेचा. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी छत्तीसगडमधील डोंगरगड येथे त्यांची समाधी झाली. चिकोडीजवळचे कोथळी हे आचार्य देशभूषण महाराजांचे गाव, तेथील शांतिगिरी क्षेत्र पाहण्यासारखे आहे. शेडबाळ हे आचार्य विद्यानंद महाराजांचे (जन्म १९२५). चार थोर आचार्य आणि चारही गावे एकाच जिल्ह्यात, आपल्यापासून जवळ. उत्तर भारतातून माणसे पत्ता विचारत येथे येतात. आपल्या मुलांना मात्र ही नावे शाळेच्या पुस्तकात मिळत नाहीत, ती घरातच सांगावी लागतात.

एक दिवस : नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर

पहाटे निघावे. पहिला मुक्काम कृष्णा-पंचगंगा संगमावरची वाडी. नृसिंहसरस्वतींनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले आणि नंतर ते गाणगापूरला गेले. म्हणजे वाडी महाराष्ट्रात आणि गाणगापूर कर्नाटकात. दत्तभक्तांना दोन्ही स्थाने सारखीच. येथे मूर्ती नाही, पादुकांची पूजा होते. पावसाळ्यात नदी वाढली की पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला गर्दी होते. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर हलवतात. पूर आला म्हणून देवस्थानाचे काम थांबत नाही. वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी सांगायला नकोच.

शेजारीच कुरुंदवाड, पटवर्धनांचे संस्थान. नदीवरचा घाट पाहावा. संताजी घोरपडे यांची समाधी येथे संगमाजवळ दाखवतात. औरंगजेबाच्या फौजांना जेरीस आणणारा हा सेनापती १६९७ साली मारला गेला. मुलांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट : १८८० साली भारतातील पहिली सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे घोड्यांच्या पागेवर होते.

दुपारनंतर खिद्रापूर. कोपेश्वराचे हे देऊळ बाराव्या शतकातले, शिलाहारांच्या काळात उभे राहिलेले. प्रथम लागतो तो स्वर्गमंडप. ४८ खांबांचा हा मंडप मधोमध छताविना आहे. सुमारे तेरा फूट व्यासाचा गोल आकाशाकडे उघडा आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल अखंड शिळा. भोवतालच्या खांबांवर कार्तिकेय आणि दिशांचे देव आपापल्या वाहनांसह कोरले आहेत. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री चंद्र डोक्यावर येतो आणि चांदण्याचा गोल त्या शिळेवर पडतो. हे पाहायला अलीकडे फार गर्दी होते. शांतपणे पाहायचे असेल तर साध्या दिवशी, ऊन तिरपे असताना जावे.

बाहेरून देवळाच्या तळाशी हत्तींची रांग आहे. नव्वदहून अधिक हत्ती पाठीवर देऊळ पेलून उभे आहेत आणि त्यांतले पुष्कळ सोंड तुटलेले आहेत. गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत : कोपेश्वर म्हणजे महादेव आणि धोपेश्वर म्हणजे विष्णू. दक्षिण दारापाशी बाहेरच्या भिंतीवर यादव राजा सिंघण दुसरा याचा देवनागरी लिपीतला संस्कृत शिलालेख आहे. येथील बाकीचे शिलालेख कन्नडमध्ये आहेत. भाषेवरून आपल्या भागात किती वाद होतात हे आपण जाणतो. आठशे वर्षांपूर्वी एकाच देवळाच्या दगडावर दोन्ही लिपी नांदत होत्या, हे मुलांना बोट ठेवून दाखवावे. बोट लांबून ठेवावे, दगडाला हात लावू नये.

इसवी सन १०५४ च्या सुमारास चोळ आणि चालुक्य यांच्यात कोप्पम येथे मोठी लढाई झाली आणि चोळ राजा राजाधिराज रणात पडला. ते कोप्पम म्हणजे हेच खिद्रापूर असे काही अभ्यासक मानतात, तर काही जण ते दुसरीकडे दाखवतात. गावात जैन मंदिरही आहे, तेही त्याच धाटणीचे. ते न पाहता परतू नये.

जोडून पाहावे : यडूर

आता नंदीचे उत्तर. कथा अशी सांगतात : दक्षाने यज्ञ मांडला आणि जावयाला, म्हणजे महादेवाला, बोलावले नाही. सती नंदीवर बसून माहेरी गेली. तेथे अपमान झाला आणि तिने यज्ञात देह टाकला. महादेवाला कोप आला, म्हणून तो कोपेश्वर. त्याला शांत करायला विष्णू आला, तो धोपेश्वर. नंदी सतीबरोबर गेला तो तिकडेच राहिला, म्हणून खिद्रापूरला नंदी नाही. चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी यडूर आहे, तेथे तो नंदी दाखवतात.

यडूरचे मोठे देवस्थान मात्र वीरभद्राचे. महादेवाच्या कोपातून जन्मून दक्षाचा यज्ञ उधळून लावणारा तो वीरभद्र. म्हणजे एका गावात कोप आणि दुसऱ्या गावात त्या कोपाचे रूप. दोन्ही मिळून एकच कथा होते. आमच्या पिढीने दोन्ही देवळे आयुष्यभर पाहिली. पण एक ‘त्यांचे’ आणि एक ‘आपले’ अशी, म्हणून ती जोडून पाहिली नाहीत. शक्य असेल तर दोन्ही एकाच दिवशी करावीत : सकाळी खिद्रापूर, दुपारी यडूर. नदी आडवी असल्याने रस्ता फिरून जातो, तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

एक दिवस : निपाणी, स्तवनिधी, संकेश्वर

निपाणी म्हणजे तंबाखू आणि बाजार एवढेच आपण धरतो. पेशवाईच्या अखेरच्या काळातले वजनदार सरदार आप्पा देसाई निपाणकर (सिद्धोजीराव निंबाळकर) यांचे हे गाव. एप्रिल १९२५ मध्ये येथे झालेल्या परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी येथील महामार्गावर ठाण मांडले होते. त्या आंदोलनात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे बळी गेले. आपल्यातील अनेकांच्या घरातली माणसे त्या रस्त्यावर बसली होती. हा इतिहास सांगणारी माणसे अजून आहेत, त्यांना गाडीत बरोबर घ्यावे.

निपाणीहून बेळगावच्या दिशेने निघाल्यावर तवंदी घाटात स्तवनिधी लागते. पार्श्वनाथांचे आणि ब्रह्मदेवाचे हे क्षेत्र. दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबे नवस बोलायला आणि फेडायला येथे येतात. महामार्गावरून आपण शेकडो वेळा गेलो असू, एकदा उतरून घाटातला वारा घ्यावा.

पुढे हिरण्यकेशीच्या काठी संकेश्वर. शंकरलिंगाचे जुने देऊळ आणि शंकराचार्यांचा मठ येथे आहे. करवीर आणि संकेश्वर ही या पीठाची दोन्ही नावे जोडूनच घेतली जातात. ही नदी आंबोलीच्या डोंगरातून येते. जवळच वल्लभगड, ज्याला हरगापूरचा किल्ला असेही म्हणतात. किल्ला लहान आहे, चढ फार नाही. खडकात खोदलेली खोल विहीर हे येथले मुख्य आकर्षण. लहान मुलांचा हात सोडू नये, कठडे सगळीकडे नाहीत. वेळ उरल्यास हुक्केरीचे आदिलशाही काळातले घुमट पाहून परतावे.

एक दिवस : गोकाक, गोडचिनमलकी, हिडकल

ही सहल पावसाळ्याची. गोकाकचा धबधबा म्हणजे घटप्रभेची सुमारे १७० फूट खोल उडी. आकार घोड्याच्या नालासारखा, पाणी गढूळ तांबूस. धबधब्याच्या वर नदी ओलांडणारा सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल आहे. तो कधी सुरू तर कधी बंद असतो, आधी चौकशी करावी. या पाण्यावर येथील कापड गिरणीसाठी १८८७ साली वीज तयार केली गेली. देशात अगदी सुरुवातीला जेथे जलविद्युत तयार झाली, त्या ठिकाणांत गोकाकचे नाव घेतात. काठावर चालुक्य शैलीतले महालिंगेश्वराचे देऊळ आहे. त्याकडे पाठ करून सगळे धबधब्याचे फोटो काढत असतात.

गोडचिनमलकीचा धबधबा मार्कंडेय नदीवर आहे. तो दोन टप्प्यांत पडतो आणि भोवती झाडी आहे. दोन्ही ठिकाणी खडक शेवाळलेले असतात आणि दरवर्षी कोणी ना कोणी घसरल्याच्या बातम्या येतात. फोटोसाठी कड्यावर जाऊ नये, मुलांना जाऊ देऊ नये.

घटप्रभेवरच हिडकल धरण आहे, वंटमुरीच्या राजा लखमगौडा यांच्या नावाचे. साठवण ५१ टीएमसी. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या हुन्नूर गावचे विठ्ठल मंदिर, उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. धरणग्रस्तांच्या घरातली माणसे तेव्हा दर्शनाला जातात. गोकाकहून करदंट आणि लाकडी खेळणी आणावीत.

एक दिवस : बेळगाव

बेळगावला आपण दवाखान्याच्या, कोर्टाच्या आणि खरेदीच्या निमित्ताने जातो. एकदा केवळ पाहायला जावे. किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. आत नेमिनाथांची मूर्ती आणि छतातून खाली झुकलेले दगडी कमळ. त्याच कोटात सोळाव्या शतकातील साफा मशीद आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरले. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. कपिलेश्वराचे दर्शन घ्यावे. १८४८ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात तरुण मंडळींना घेऊन अर्धा तास जरूर बसावे. परतीच्या वाटेवर कुंदा असतोच. मुक्काम करणार असाल तर येळ्ळूरचा राजहंसगड आणि खानापूर तालुक्यातील हलशीची कदंबकालीन देवळे जोडता येतात.

नदीच्या वरच्या अंगाला : कागल, काळम्मावाडी, राधानगरी

ज्या दूधगंगेच्या खोऱ्यात आपण राहतो ती येते कुठून, हेही एकदा पाहावे. वाटेत कागल, ज्या घाटगे घराण्यातून राजर्षी शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले त्यांचे गाव. पुढे दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण. हा महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा संयुक्त प्रकल्प आहे. सीमेवरून दोन्ही सरकारे कोर्टात आहेत, पण या धरणाच्या पाण्याची वाटणी कराराने होते. शेजारी भोगावतीवर शाहू महाराजांनी काम सुरू केलेले राधानगरीचे धरण. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आले की आपोआप उघडतात. त्यापलीकडे गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले दाजीपूर-राधानगरी अभयारण्य आहे. पावसाळ्यात ते पर्यटकांसाठी बंद असते.

दोन यात्रा

रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काची यात्रा माघात भरते. बैलगाड्या महाराष्ट्रातून येतात. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दिवाळीच्या आधी भरते. तेथे भंडारा उधळायला कर्नाटकातून धनगर बांधव येतात. भंडाऱ्याने सगळे अंग पिवळे होते, तेव्हा चांगले कपडे घरी ठेवावेत.

निघण्यापूर्वी

१. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या सहली ठरवताना पाण्याची चौकशी करावी. आपल्याकडील बंधारे लवकर पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर यमगर्णीजवळ महामार्गच बंद झाला होता.

२. देवळे आणि किल्ले पाहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

३. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबतात. बसने जाणाऱ्यांनी निघण्याआधी डेपोत विचारावे.

४. वयस्कर मंडळींना वाडीचे घाट आणि वल्लभगडाची चढण जड जाते. खिद्रापूर, स्तवनिधी आणि बेळगावचा किल्ला त्यांना सोयीचा.

५. पाण्याच्या बाटल्या आणि डब्यांचा कचरा गाडीत परत आणावा. देवळांच्या भिंतींवर नावे कोरणारे बाहेरगावचे असतात असे आपण म्हणतो. खिद्रापूरच्या भिंतीवर आम्ही आपल्या भागातली नावेही वाचली आहेत.

ही यादी पूर्ण नाही. आम्ही आयुष्यभर बँकेत हिशेब जुळवले. ताळेबंदाची एकच बाजू लिहिली तर तो जुळत नाही, एवढे त्या नोकरीत पक्के कळले. आपल्या मुलखाची ही दुसरी बाजू लिहायला आम्हाला साठी ओलांडावी लागली. आपल्या गावाजवळचे एखादे देऊळ, वीरगळ, जुनी विहीर किंवा समाधी या यादीत नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याची माहिती मंडळाकडे लिहून पाठवावी. गावाचे नाव, जायचा रस्ता आणि माहिती कोणाकडून ऐकली, एवढे तीन ओळींत लिहिले तरी चालेल.

त्या नातीला पुढच्या दिवाळीत आम्ही यडूरला नेले. नंदीसमोर उभी राहून तिने पहिला प्रश्न विचारला, "मग याला परत खिद्रापूरला का नाही नेत?" याचेही उत्तर आमच्यापैकी कोणाला देता आले नाही.